खुर्दची डेग आणि बुद्रुकची फौज

मी सांगलीच्या एका कॉलेजात परराष्ट्र धोरण शिकवतो आणि परदेश म्हणाल तर आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझी सगळ्यात लांबची मजल बेळगावपर्यंत, आणि बेळगावला परमुलूख म्हटलं तर सांगलीतच माझी पाठ सडकून निघेल. त्यामुळं परभणी जिल्ह्यातल्या पालमहून व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी नकाशा उघडला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथं निजामाचं राज्य होतं, म्हणजे आमच्या हिशेबी तो खराखुरा परदेशच. शिवाय पासपोर्ट नको. मी त्याच दिवशी होकार कळवून टाकला.

"तिकडं काय आहे?" बायकोनं विचारलं.

"परराष्ट्र," मी म्हणालो.

"मग स्वेटर असू द्या," ती म्हणाली, आणि तिनं खरोखरच तो पिशवीत कोंबला. ऐन वैशाखात परभणीला स्वेटर घेऊन उतरलेला पहिला माणूस मी असेन.

पालम

मनमाडच्या पुढचा छोट्या गाडीचा प्रवास मी सांगत नाही. ज्यांनी केलाय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी केला नाही त्यांना उगाच घाबरवायचं नाही. परभणीहून एसटीनं पालमला पोचलो तेव्हा माझ्या पांढऱ्या शर्टाचा रंग रस्त्याच्या रंगाशी एकजीव झाला होता. स्टँडवर वाघमारे सर उभे होते. हे तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवतात. आमची ओळख एका शिक्षक शिबिरातली. बारीक अंगाचे, हळू बोलणारे आणि बोलताना चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणारे, त्यामुळं माणूस चेष्टा करतोय की गंभीर आहे हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेच्या पटांगणात व्याख्यान झालं. मुद्दा माझा साधा होता. एक देश दुसऱ्याला दोन तऱ्हांनी वाकवतो. एक, दंडुका दाखवून. दुसरी तऱ्हा म्हणजे आपलं अन्न, आपली गाणी, आपल्या चांगुलपणाची कीर्ती अशी पसरवायची की समोरच्यानं आपणहून म्हणावं, चला, यांचं ऐकू या. माझ्या मते दुसरी तऱ्हाच खरी. दंडुका हा बुद्धी संपलेल्यांचा मार्ग. हे वाक्य मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं, तेव्हा माइक खाली पडला.

मग प्रश्न. पुढच्या रांगेतले एक म्हातारे उभे राहिले. "सायेब, दुष्काळात आमी अमेरिकेचा मिलो खाल्ला. लाल लाल जवारी. अन् त्याच्या आदल्याच साली त्यायचं आरमार आपल्यावर चालून येयलतं म्हणं. मंग त्यायला दोस्त म्हणावं का दुश्मन?"

मी या प्रश्नाला चांगलं विस्तारानं उत्तर दिलं. लोक जांभया देऊ लागले तरी मी थांबलो नाही. म्हाताऱ्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमाला बी म्हाईत न्हाई." आणि बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण वाघमारे सरांनी तेवढ्यात आभार मानून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत निघायला पिशवी उचलली. वाघमारे म्हणाले, "निघायचं कसं? माझ्या शाळेतल्या दोस्ताच्या लेकीचं लग्न आहे परवा. परराष्ट्र धोरणाचे प्रोफेसर येऊन लग्न न जेवता गेले म्हटल्यावर आमच्या जिल्ह्याचं धोरण काय राहिलं?"

बुद्रुक

गावांची खरी नावं सांगत नाही, कारण मला पुन्हा तिकडं जेवायला जायचं आहे. एकाच नावाची दोन गावं, मध्ये कोरडा पडलेला ओढा. अलीकडचं ते बुद्रुक, पलीकडचं ते खुर्द. आमच्या सांगलीकडं दोन गावांत वैर असलं की ते निवडणुकीत निघतं. इथं ते लग्नात निघतं, आणि म्हणून जास्त काळ टिकतं.

वाघमारेंचे दोस्त नागोराव हे मुलीचे वडील. माणूस हौशी. अंगणात मांडव पडला होता, पण मांडवाखाली बसलेल्या सगळ्यांचे चेहरे दहाव्याला जमल्यासारखे. चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि मग नागोरावांनी तोंड उघडलं.

"सर, डेग अडकली."

डेग म्हणजे तांब्याचं अवाढव्य भांडं. निजामाच्या काळात कुणा जहागीरदाराच्या मुदपाकखान्यातून ती खुर्दला आली आणि तिथंच राहिली. दोन्ही गावांतल्या प्रत्येक लग्नाचं वरण त्याच डेगीत शिजतं. दुसऱ्या भांड्यात शिजवायचं तर अख्ख्या गावाची पातेली गोळा करावी लागतात, आणि तसं वरण कुठं करपतं, कुठं कच्चं राहतं. परवा बोरीहून नवरदेवाचं वऱ्हाड ट्रक भरभरून येणार होतं. वरण नाही म्हणजे जेवण नाही, आणि जेवणावरून एकदा वऱ्हाड रुसलं की सुमनचं, म्हणजे नवरीचं, सासरी जन्मभर ऐकून घेणं आलं.

"मग आणायची ना डेग," मी म्हणालो.

मांडवात कुणी हसलंही नाही. वाघमारेंनी मला समजावून सांगितलं. या भागात गावाला लग्नाचं बोलावणं नुसतं तोंडानं किंवा कागदानं होत नाही. अक्षत न्यावी लागते. हलगी वाजवत त्या गावात जायचं, पहिली अक्षत मारुतीपुढं ठेवायची, मग घरोघर द्यायची. आमच्याकडं अक्षता तांदळाच्या. इथं त्या ज्वारीच्या, कुंकवात घोळलेल्या. नागोराव पडले नव्या वळणाचे. त्यांनी परभणीला गुलाबी पत्रिका छापून घेतल्या, वर दोन हंस. खुर्दचा गठ्ठा त्यांनी एसटीच्या कंडक्टरजवळ दिला. कंडक्टरनं तो खुर्दच्या फाट्यावरच्या हॉटेलात ठेवला. हॉटेलवाल्यानं दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी त्यावर भजी द्यायला सुरुवात केली. डेगीची मालकीण गयाबाई हिला लग्नाचं आमंत्रण मिळालं ते भज्यांखाली, तेलात.

"काय म्हणाली मग ती?"

"म्हणली, त्या पत्रिकेतच वरण शिजवा," नागोराव म्हणाले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"दाजी, तुमी निस्तं हो म्हणा," कोपऱ्यातून आवाज आला. "उचलूनच आणतो."

हा दशरथ पैलवान, नवरीचा मामा. ज्या खाटेवर तो बसला होता ती मध्ये जमिनीला टेकली होती. त्याच्या तालमीतल्या गड्यांशिवाय ती डेग दुसऱ्या कुणाला उचलतच नाही, त्यामुळं त्याच्या बोलण्याला वजन होतं. मी ताडकन उभा राहिलो. बळजोरीनं आणलेल्या डेगीतलं वरण कुणाच्या घशाखाली उतरेल, वगैरे मी त्यांना ऐकवलं. कालचं व्याख्यान ताजंच होतं, फक्त इथं माइक नव्हता.

"मग सर, तुमीच जा की," नागोराव म्हणाले. "तुमचा धंदाच हाय ह्यो. मी गेलो तर नाक घासल्यावानी दिसंल. हा गेला तर डोकी फुटतील."

झालं. मी बुद्रुकचा वकील, म्हणजे राजदूत, नेमला गेलो. मी वाघमारेंकडं पाहिलं.

"मी येत नाही," ते म्हणाले. "आमची वस्ती दोन्ही गावांत आहे. दोन्ही गावांचं आमच्याशी भांडून झालंय. आता आम्ही अलिप्त राष्ट्र. दोघांच्या लग्नाला जातो, भांडणाला नाही."

खुर्द

आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडताना भर ओढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. वाळू अशी तापलेली की मी खुर्दमध्ये प्रवेश केला तो नाचतच. वेशीवरच्या लोकांनी मला पाहिलं, आपसात काहीतरी बोलले आणि न विचारताच गयाबाईच्या घराकडं बोट केलं.

गयाबाई उंच, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मालक शेतावर गेलेले. मी दारात उभं राहून "नमस्कार, मी बुद्रुकहून" एवढंच म्हणालो.

"ते असू द्या. पाय भाजले का?" ती म्हणाली. पायावर गार पाणी पडलं आणि तिथंच माझं राजकारण ढिलं झालं.

पुढचा प्रसंग आठवला की अजून मला ढेकर येतो. मी पाटावर बसलो आणि म्हणालो, "काकू, डेगीचं असं आहे की." ताटात धपाटं पडलं. वर दही. ते संपवून मी म्हणालो, "दोन गावांचे संबंध." भाकरी आली, येसराची आमटी आली, शेंगदाण्याची चटणी आली. येसराची आमटी म्हणजे भाजलेल्या धान्याचा नि मसाल्याचा असा काही जहाल प्रकार, की पहिल्या भुरक्याला डोळ्यांतून पाणी आणि दुसऱ्याला आणखी हवीशी वाटते. आमच्याकडं पाहुणा नको म्हणाला की वाढणारा थांबतो. इथं नको म्हणणं ही वाढायला सुरुवात करण्याची खूण असावी. मी ताटावर हात आडवा धरला, तर गयाबाईनं हातावरच तूप ओतलं.

"काकू, आता बास. मरेन मी."

"मरत न्हाई कुनी जेवून. ही एक कोर घ्या." ती कोर चांगली चंद्राएवढी होती.

जेवणानंतर तिनं मला परसात नेऊन डेग दाखवली. निंबाच्या सावलीत, चार कडी असलेली, घासून लख्ख. मी आत वाकून "कोण आहे?" म्हटलं तर आतून माझाच आवाज चांगला भारदस्त होऊन वर आला. व्याख्यानासाठी हीच न्यायला हवी होती.

"द्यायला माझी ना न्हाई," गयाबाई म्हणाली. "सुमन माझ्या म्होरंच वाढली. पर गावाची काही इज्जत हाय का न्हाई? अक्षत आली पायजे. वाजत गाजत, मारुतीम्होरं. आली की डेग गेली म्हणून समजा. आणता का तुमी अक्षत?"

मी होय म्हणालो. त्या तुपानंतर तिनं माझी किडनी मागितली असती तरी मी होय म्हणालो असतो. परत निघालो, तर म्हणाली उन्हं उतरू द्या. निंबाखाली बाज होती. मी जरा टेकलो.

इकडं मी घोरत होतो आणि गयाबाईनं गावभर सांगितलं की मास्तरनं कबूल केलंय, अक्षत येणार. बायका अंगणं शिंपायला लागल्या. तिकडं बुद्रुकमध्ये मी परत आलो नाही म्हणून मांडवात गडबड उडाली. हे मला नंतर वाघमारेंनी सांगितलं. दशरथ म्हणाला, "मास्तरला धरून ठेवलं." नागोराव म्हणाले, पाहुणा हाय आपला, सांगलीला काय तोंड दाखवू? तालमीतले सगळे गडी फेटे बांधून, काठ्या घेऊन उठले. आणि कुस्तीला जाताना जसे जातात तसे, अंगात जोर यावा म्हणून, हलगी वाजवत निघाले.

मला जाग आली ती हलगीनं. धावत वेशीकडं गेलो तर समोरून फेटेवाली फौज येतेय, आणि खुर्दच्या बायका हसतमुखानं तांबे घेऊन तिला सामोऱ्या चालल्यात. हलगी आहे, फेटे आहेत, वाट मारुतीची आहे. खुर्दला शंकाच नव्हती. दशरथ "मास्तर कुठाय?" असं ओरडायला तोंड उघडतोय तोच एका म्हातारीनं त्याच्या पायावर पाणी घातलं. आता तुमचे पाय कुणी धूत असताना तुम्ही काठी कशी उगारणार? आधी तोलच जातो. त्यानं काठी टेकून एक पाय पुढं केला, मग दुसरा केला. मागचे गडी मुकाट्यानं रांगेत उभे राहिले. प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा आला आणि त्यांनी तो तोंडात टाकला. गूळ खाल्ल्यावर कसलं भांडण? तिथं सात पिढ्यांत असं कुणी केलेलं नाही.

दशरथ माझ्याजवळ सरकला. "मास्तर, मारलं का तुमाला?"

"जेवू घातलं."

"आन् हे काय चाललंय?"

"तुम्ही अक्षत घेऊन आलाय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "अक्षत कुठाय माझ्याजवळ? काठी हाय."

आता सगळे मारुतीपुढं येऊन थांबले होते. हलगी थांबली. गयाबाई पुढं आली, तिनं दशरथच्या हाताकडं पाहिलं, मग काठ्यांकडं. एकेक काठी पाहिली. तिचं हसू मावळलं आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या पुरुषांपैकी दोघं-तिघं हळूच आपल्या घराकडं, म्हणजे त्यांच्या काठ्यांकडं, वळले. सुमनचं लग्न माझ्या दोन तासांच्या झोपेनं मोडणार, एवढंच मला दिसत होतं. एकदा खुर्दचं रक्त सांडलं की परवा वरण नाही, वऱ्हाड नाही, काही नाही. मी दशरथच्या समोर जाऊन उभा राहिलो. तेही व्याख्यान न देता, आयुष्यात पहिल्यांदाच.

गयाबाई फिरली आणि देवळाला लागूनच असलेल्या आपल्या घरात शिरली. मग ती बाहेर आली, हातात ताटली. ताटलीत ज्वारी, घाईघाईनं कुंकू लावलेली, अर्धी लाल, अर्धी पांढरी. तिनं दशरथची मूठ उघडली आणि त्यात ती ओतली.

"वाटंत सांडली वाटतं तुमची," ती म्हणाली. "घ्या. द्या आता."

दशरथनं मारुतीपुढं अक्षत ठेवली. मग तिला दिली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि भावनेच्या भरात त्यानं तोंडही उघडलं. "परवा आमच्या सुमनचं लगीन हाय. समद्या खुर्दाला चूलबंद आवतन."

चूलबंद म्हणजे घरातल्या कुणीच त्या दिवशी चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी लग्नात जेवायचं. सगळं खुर्द खूष झालं. नागोरावांना हे कोण सांगणार, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण मी तो परराष्ट्र खात्याबाहेरचा ठरवला.

परसातून डेग निघाली. गड्यांनी काठ्या तिच्या कड्यांतून आरपार घातल्या, खांद्यावर घेतल्या आणि हलगीच्या तालावर ओढ्याकडं चालू लागले. खुर्दचे जे पुरुष काठ्या आणायला गेले होते ते काठ्या घेऊन परत आले आणि त्यांनीही त्या खालून लावल्या. मी मागून अनवाणी नाचत.

पुन्हा बुद्रुक

लग्न लागलं. बोरीचं वऱ्हाड खूष, सुमन खूष, नागोराव मात्र खुर्दची माणसं ओढा ओलांडून येतायत, येतायत, अजून येतायत, हे मांडवाच्या खांबाला धरून बघत होते. डेगीत तीनदा पाणी वाढवावं लागलं. शेवटच्या पंगतीला वरण असं झालं होतं की त्यात तोंड दिसावं. तरी कुणी रुसलं नाही, आणि डेग आता धुऊन ठेवलेली पाहून मला माझं स्वतःचंच काहीतरी पार पडल्यासारखं वाटलं. खरंच आनंद झाला होता मला.

त्या आनंदात मी गयाबाईला गाठलं. ती मांडवाच्या कडेला पान खात बसली होती. वाघमारे शेजारी होतेच. मी म्हणालो, "काकू, तुम्ही मोठं काम केलंत. काठ्या घेऊन आलेल्यांना गुळानं नि ज्वारीनं जिंकलंत. मी सांगलीला जाऊन मुलांना हेच शिकवणार. दंडुक्यापेक्षा गोडी मोठी."

तिनं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"कसलं जिकलं, मास्तर," ती म्हणाली. "काठ्या बघितल्या अन् लय भ्याले मी. घरात गेलते ते आतून कडी लावायलाच. कडीला हात घातला अन् ध्यानात आलं, तुमी तर बाहेरच राह्यलात. त्या पैलवानाम्होरं, एकटेच."

तिनं पानाची पिंक टाकली.

"जेवू घातलेला पाव्हणा बाहेर अन् कडी आतून, असं व्हतंय का कुठं? मग म्हणलं, आता कडी तर लागत न्हाई. मग जवारी तरी घेऊन जावं."